राणी रंग चार महिन्यांत उडाला: रेझिनच्या रंगांचा आठ महिन्यांचा अनुभव

मी रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाच्या, वस्तू करून विकते. मे महिन्याच्या सुरुवातीला एक गिऱ्हाईक ताई त्यांची नेमप्लेट परत घेऊन आल्या. जानेवारीत दिली तेव्हा तिची जमीन गर्द राणी रंगाची होती. आता ती मळकट बदामी झाली होती. चिकटवलेला सोनेरी गणपती मी हळूच उचकटला, तर त्याच्याखाली गणपतीच्याच आकाराचा राणी रंग तसाच्या तसा. त्यांचं दार पश्चिमेला आहे, दुपारनंतरचं सगळं ऊन त्यावर.

रंग अल्कोहोल इंकचा, म्हणजे अल्कोहोलमधल्या पातळ रंगाचा होता. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर म्हणे, 'मॅडम, तुमचं रेझिनच पिवळं पडलंय.' मला हे पटेना. एकाच डब्यातल्या रेझिनच्या तीन टाइल्स ओतल्या: एक बिनरंगाची, एक इंकची, एक पिगमेंट पेस्टची (रंगाचे कण असलेल्या दाट लगद्याची). प्रत्येकीचा अर्धा भाग अॅल्युमिनियम फॉइलनं झाकून सहा आठवडे गॅलरीच्या कठड्यावर ठेवल्या. बिनरंगाची किंचित पिवळसर झाली, तेवढं विक्रेत्याचं खरं. पण पेस्टच्या टाइलचे दोन्ही अर्धे सारखेच राहिले आणि इंकची उघडी बाजू जवळजवळ विटली.

कारण साधं आहे. इंकमध्ये बहुतेक वेळा डाय असते. ती रेझिनमध्ये पूर्ण विरघळते, म्हणून काचेसारखा पारदर्शक रंग मिळतो. पण तिच्या प्रत्येक रेणूवर उन्हाचा मारा बसतो. पिगमेंटचे बारीक कण असतात. वरचा थर झिजला तरी आतला वाचतो. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'फेड प्रूफ' लिहिलंय, पण आत डाय आहे की पिगमेंट, हे कुठेच नाही. माझा सगळा राग याच एका गोष्टीवर आहे. दहा मिलीला 180 रुपये घेता, तर तेवढा एक शब्द छापा! ताईंना नवी नेमप्लेट फुकट करून दिली. साहित्याचेच साडेसहाशे गेले.

मायका पावडरबद्दल, म्हणजे अभ्रकाच्या चमकदार भुकटीबद्दल मात्र मला माझं मत बदलावं लागलं. नोव्हेंबरमध्ये मी मैत्रिणींना सांगत होते की घेऊ नका, सगळी चमक तळाला बसते. चूक पावडरची नव्हती, मी घाई करत होते. पातळ रेझिनमध्ये अभ्रकाचे कण खाली जाणारच. आता मिश्रण काकवीसारखं दाट होईपर्यंत थांबते, मगच मोल्डमध्ये ओतते. मोरपंखी आणि तांबूस सोनेरी, दोन्ही सुरेख येतात, आणि 100 ग्रॅम मिश्रणाला दोन-अडीच ग्रॅम पुरते. डबी उघडताना मास्क लावाच, भुकटी फार उडते.

पांढरी पेस्ट चांगली आहे, फक्त बाटलीच्या तळाशी घट्ट बसते, आधी काडीनं नीट ढवळून घ्या. कुठलाही रंग वजनाच्या पाच टक्क्यांपुढे मी नेत नाही. एकदा गडद काळा हवा म्हणून पेस्ट ओततच गेले, कोस्टर आठ दिवसांनीही नखानं दबत होता. पैसे वाचवायला मुलीचे उरलेले अॅक्रिलिक रंगही वापरून पाहिले. ते पाण्यातले असतात. थोडे जास्त पडले आणि ट्रे चिकट राहिला. पन्नास रुपये वाचवायला गेले आणि 300 ग्रॅम रेझिन वाया गेलं.

इंक फेकून दिलेली नाही. घरातल्या कोस्टरमध्ये, कीचेनमध्ये तिच्यासारखा पारदर्शक रंग दुसऱ्या कशानं मला जमलेला नाही. पण दारावर, गॅलरीत, गाडीत लावायच्या वस्तूत ती आता माझ्याकडून जाणार नाही. विक्रेत्यानं शेवटी पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. मी घेतली नाही, पैसे परत मागितलेत.

ताईंची नवी नेमप्लेट डाळिंबी पेस्टची आहे. त्याच मिश्रणाची एक पट्टी अर्धी फॉइलमध्ये गुंडाळून कठड्यावर ठेवली आहे. फॉइल दिवाळीत काढेन, तेव्हा दोन्ही बाजूंचा फोटो इथेच टाकते.