ऑफिस टाइमचा गालिचा: अकरा महिन्यांनंतर

नाशिकला आमच्या घरापुढे दहा बाय आठ फुटांचा मुरमाड तुकडा आहे, दिवसभर उन्हात भाजणारा. हिरवळ लावली तर रोज पाणी हवं, म्हणून गेल्या फेब्रुवारीत तिथे ऑफिस टाइम हे फुलझाड लावलं. काही जण त्याला चिनी गुलाब म्हणतात, पण ते मूळचं ब्राझील-अर्जेंटिनाकडचं. आपल्या घोळीच्या भाजीचं नातलग.

सुरुवात वाईट झाली. एका नर्सरीतून डबल पाकळ्यांची बारा रोपं आणली, त्यातली सात पंधरवड्यात गेली. उपटून बघितलं तर मुळांभोवती कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, ओलागच्च गोळा तसाच. मग शेजारच्या काकूंनी मूठभर फांद्या दिल्या. बोटभर तुकडे करून खालची पानं काढली, एक दिवस सावलीत ठेवून वीतभर अंतराने खोचले. आठ-दहा दिवसांत मुळं धरली आणि एप्रिलअखेर खालची माती दिसेना.

सकाळी नऊच्या सुमारास अख्खा तुकडा उघडतो आणि दुपारी मिटतो. फूल एका दिवसाचंच, पण दुसऱ्या दिवशी नवी तयार असतात. एकदा काडीने फुलाच्या मध्यभागी हलकेच स्पर्श करून बघा, पुंकेसर डोळ्यांदेखत झुकायला लागतात. मधमाशी बसली की हेच होतं. एकेरी फुलांवर सकाळभर माश्या असतात, डबलकडे फारशा फिरकत नाहीत. त्यामुळे पुढच्या वेळी मी एकेरीच लावणार.

एप्रिल-मेमध्ये दर तिसऱ्या दिवशी पाणी पुरलं. खताचा मोह मात्र आवरा. मी शेणखत दुसऱ्यांदा टाकलं आणि महिनाभर नुसता पाला वाढला. पारिजातकाच्या सावलीतला कोपरा तर लांबच लांब काड्यांचा झाला, तिथे फूल नाही. पिठ्या ढेकूण एकदा आला, साबणाच्या पाण्याने गेला. आणि यावर चालता येत नाही, कांड्या पटकन मोडतात. मुलांना खेळायला जागा हवी असेल तर हे लावू नका.

खरी परीक्षा जुलैत. चार दिवस झड लागली, पाणी साचलं, देठ बुडाशी काळे पडून लगदा झाले. निम्म्याहून जास्त गालिचा गेला, फार वाईट वाटलं. जूनमध्ये छाटलेल्या फांद्या पोर्चखाली ट्रेमध्ये खोचून ठेवल्या होत्या, त्यांनीच वाचवलं. यंदा पावसाआधी वाफा चार बोटं उचलून त्यात जाड वाळू मिसळणार आहे.

ऑक्टोबरमध्ये मोकळ्या जागेत बारीक रोपं उगवली. घोळ समजून मी काही उपटलीसुद्धा! थोडी वाढू दिली की ओळखता येतात. घोळीची पानं चपटी, याची सुईसारखी गोलसर. बी आपोआप पडलेलं होतं. पिकलेल्या बोंडाचं टोपण आडवं सुटतं आणि आत वाटीत भरल्यासारखं राखाडी, चकाकणारं बी दिसतं, खसखशीपेक्षाही बारीक. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून वर माती टाकायची नाही, नुसतं दाबायचं.

सध्या थंडीत फुलं कमी आहेत आणि उमलायला अकरा वाजतात. एका डबीत बी जमवलंय. ऊन तापायला लागलं की जुलैत उघड्या पडलेल्या पट्ट्यात ते टाकेन.