गुडघ्याची ‘गादी’ आणि आगाऊ भरलेले चोवीस हजार

यवतेश्वरचा घाट चढताना माझा गुडघा कधीच दुखला नाही. दुखला तो उतरताना, समर्थ मंदिर जवळ आल्यावर. 2012 पासून होत असलेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी मी आठवड्याचे धावणे तीन आठवड्यांत 20 किलोमीटरवरून 38 वर नेले होते, आणि तेही बहुतेक घाटातच. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलतात आणि गुडघ्याच्या वाटीमागचा दाब वाढतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना वाटीमागे कळ येऊ लागली.

ओळखीतून शहरातल्या एका उपचार केंद्रात गेले. तेथील गृहस्थांनी मांडी घट्ट आवळायला सांगून अंगठ्याने वाटी दाबली. मी कळवळले, तोच त्यांनी आणखी कोणतीही तपासणी न करता ‘गादी सत्तर टक्के घासली आहे, वर्षभरात सांधा बदलावा लागेल’ असे सांगितले. त्या एका वाक्याने माझे हातपाय गळाले. वीस बैठकांचे चोवीस हजार ‘आजच्या सवलतीत’ मी तिथल्या तिथे भरले. त्यांपैकी चौदा हजार यूपीआयने, दहा हजार रोख.

अकरा बैठकांत यंत्राचा शेक, तेलाचे मर्दन आणि ‘शिरा मोकळ्या करणे’ यापलीकडे काही झाले नाही. व्यायाम एकही नाही, उलट जिनासुद्धा चढायचा नाही अशी ताकीद होती. दुखणे तसेच राहिले. दोष बुटांवर गेला आणि बुटात घालायचे साडेचार हजारांचे तळवे पुढे आले. पैसे परत मागितल्यावर पावतीच्या तळाशी असलेल्या बारीक ओळीवर बोट ठेवण्यात आले.

त्यानंतर अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून मला नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. त्या बाईंनी माझा निरोगी उजवा गुडघा तसाच दाबला, तेव्हा तोही दुखला! मग त्यांनी मला आठ इंचांच्या पायरीवर एका पायावर उभे करून दुसरी टाच हळूहळू जमिनीला टेकवायला लावली. डावा गुडघा थरथरत आत वळला. टेपने मोजल्यावर त्या मांडीचा घेर दोन सेंटिमीटरने कमी भरला. दोष नितंब आणि मांडीच्या अपुऱ्या ताकदीत व एकदम वाढवलेल्या अंतरात होता, आणि सक्तीच्या विश्रांतीने ती ताकद आणखी घटली होती. पायरीचा तोच व्यायाम, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि कुशीवर पाय उचलणे आठवड्यातून तीनदा. धावणे सपाटीवर, चालण्याच्या टप्प्यांसह, लहान पावलांनी. वेदना दहापैकी तीनच्या आत राहून दुसऱ्या सकाळी निवळली, तरच पुढचा टप्पा. बारा आठवड्यांनी मी घाटात परतले. मात्र सांधा सुजत, अडकत किंवा अचानक दगा देत असेल, तर आधी डॉक्टरांनाच दाखवावे.

पैसे देण्यापूर्वी उपचार करणाऱ्याचा महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेकडील नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा. मी विचारला नव्हता. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. मी अर्ज तयार केला आहे. त्यात चौदा हजारांची नोंद जोडता आली; रोख दिलेल्या दहा हजारांचा मात्र माझ्याकडे एकही पुरावा नाही, कारण पावतीवर रक्कमच चौदा हजारांची लिहिलेली आहे आणि ती मी त्या वेळी वाचली नाही.