जळगावचा जपानी क्लास, सहा महिन्यांचा अनुभव

भुसावळहून रोज ट्रेनने जाऊन जळगावला जपानीचा क्लास केला, नाव नाही लिहित पण शिकवणं एक नंबर. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की जपानीत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, 'वाताशी वा गोहान ओ ताबेमास' म्हणजे सरळ 'मी भात खातो', तिथेच माझी अर्धी भीती गेली. हिरागाना काताकाना या जपानी अक्षरांच्या दोन लिप्या तीन आठवड्यांत पक्क्या. लिसनिंग मात्र फार कमी घेतात, आणि एन४ ला (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पातळी, एन५ सगळ्यात सोपी, एन४ तिच्या वरची) १८० पैकी ९० पडले तरी लिसनिंगमध्ये ६० पैकी १९ नसतील तर नापासच, म्हणून घरी रोज ऐका रे बाबांनो.

खूप खटकलं ते हे की ॲडमिशनच्या वेळी ऑफिसमधले म्हणाले, एन५ झालं की जपानला नोकरी. तसं नाहीये. स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर व्हिसाला (जपानमध्ये ठराविक क्षेत्रांत काम करायचा व्हिसा) साधारण एन४ नाहीतर जेएफटी बेसिक ही दुसरी भाषेची परीक्षा लागते, वर कामाची स्किल टेस्ट वेगळी, नर्सिंग केअरला तर त्या कामाच्या जपानीची अजून एक परीक्षा. पप्पांनी केळीच्या पैशातून फी भरली, त्यांना हे आधीच सांगायला पाहिजे होतं.

भाषेसाठी बिनधास्त जा, सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी फार गर्दी असते.