हेवी डिपॉझिटवर घर घेताय? आधी मालक समोर बसवा

नवी मुंबईत घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली या पट्ट्यात 'हेवी डिपॉझिट'वर घरं मिळतात. एकरकमी मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं नाही, घर सोडताना सगळे पैसे परत. आम्ही घणसोलीत साडेचार लाखांवर वन आरके घेतला. बाबांच्या फंडाचे पैसे होते. ते गेले. ज्या एजंटनं ते घर दिलं, तोच आज दुसऱ्या कुणाला घर दाखवत असेल, म्हणून लिहितोय.

"मालक पुण्याला असतात, सगळं मीच बघतो," असं म्हणत त्यानं मालकाच्या सहीचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे मालकाच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, पुढे केलं. करार 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, प्रत्येक पानावर नोटरीचा गोल शिक्का. रजिस्ट्रेशनचं विचारलं तर म्हणाला, "अकरा महिन्यांना लागत नाही दादा, इथे सगळे नोटरीवरच राहतात."

हे साफ खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एजंटला नोंदणी नको असते त्याचं कारण वेगळंच आहे. ऑनलाइन नोंदणीत मालकाचा आधार नंबर आणि अंगठा लागतो, आणि खरा मालक अंगठा द्यायला आला की त्याचं बिंग तिथेच फुटतं.

गणपतीनंतरच्या एका रविवारी एक वयस्कर काका दारात उभे. "तुम्ही कोण? माझ्या घरात कसे?" हातातल्या फाइलमध्ये इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), त्यांच्या नावाची घरपट्टी आणि त्याच एजंटशी केलेला भाडेकरार. त्यानं घर त्यांच्याकडून महिन्याच्या भाड्यानं घेतलं होतं. आमचं डिपॉझिट खिशात घालून त्यातूनच त्यांना भाडं देत होता. भाडं थांबलं आणि फोनही बंद झाला. कुलमुखत्यारपत्र त्यांना दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ही सही माझी नाही हो." त्यांच्यावर राग तरी कसा काढणार? तेही फसलेलेच.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे. पूर्वीचं 420 म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318. तिथे पहिला प्रश्न आला, पैसे कसे दिले? एजंटच्या आग्रहावरून दीड लाख रोख गेले होते आणि त्याची पावती त्यानं दिलीच नाही. पावती हा भाडेकरूचा हक्क आहे. मागताना संकोच करू नका, आणि रक्कम फक्त मालकाच्या बँक खात्यात भरा.

ज्यांचा करार आज नोटरीवरच आहे, त्यांनी याच आठवड्यात सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावानं निघतं ते विचारा. सेक्रेटरींकडून मालकाचा नंबर घ्या आणि एजंटला न सांगता थेट बोला.