०.३२चं रिव्हॉल्व्हर: दीडेक वर्ष बाळगल्यानंतरचा अनुभव

माझं मत सुरुवातीलाच सांगते. आपल्याकडे स्वसंरक्षणाचा परवाना मिळालेल्या माणसानं, त्यातही हात लहान असेल तर, ०.३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, इथे साधारण ०.३२ इंच) पूर्ण वजनाचं रिव्हॉल्व्हर घ्यावं. हलकं मॉडेल नको. पिस्तूल ज्याला नेमबाजीच्या रेंजवर नियमित जायला जमतं त्यानंच घ्यावं. मी दोन्ही वापरलंय. आधी काही वर्षं अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ०.३२चं जुनं परदेशी पिस्तूल होतं. आता कानपूरच्या आयुध निर्माणीचं ०.३२ मार्क ३ रिव्हॉल्व्हर आहे.

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात आमचा पेट्रोल पंप आहे. यूपीआयमुळे रोकड कमी झाली हे खरं, पण ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरवाल्यांचा गल्ला अजून बराचसा नोटांचाच असतो. तो घेऊन बँकेपर्यंत जायचा रस्ता सुनसान आहे. अण्णा सत्तरीला पोचले तेव्हा त्यांनी शस्त्र माझ्या नावावर करायचं ठरवलं. २०१६च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे राहिलं, की ते वारसाच्या नावे करता येतं, आणि वारसांत सूनही धरतात. त्यासाठी शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते प्रशिक्षण मनापासून घ्या. बोट चापाबाहेर ठेवायची सवय मला तिथेच लागली.

९ एमएम चांगलं की ०.४५, असल्या तुलना वाचण्यात वेळ घालवू नका. ९ एमएम, ०.३८, ०.४५ हे सगळे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहेत. तो परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो आणि सर्वसामान्य माणसाला मिळत नाही म्हटलं तरी चालेल. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात तो अप्रतिबंधित बोअरचा परवाना, आणि त्यात कमरेला किंवा बॅगेत बाळगण्याजोगं हत्यार म्हणजे मुख्यतः ०.३२.

पण दुकानात जाऊन नुसतं ‘बत्तीसची काडतुसं द्या’ म्हणू नका. ०.३२मध्ये दोन वेगळी काडतुसं येतात आणि एकाचं दुसऱ्यात चालवायचं नसतं. पिस्तुलाचं ते ०.३२ एसीपी, १८९९ सालचं. रिव्हॉल्व्हरचं ते ०.३२ एस अँड डब्ल्यू लाँग, १८९६ सालचं. पिस्तुलाची गोळी ७१ ग्रेनची, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास, आणि ती सेकंदाला साधारण २७५ मीटर वेगानं सुटते. रिव्हॉल्व्हरची गोळी ९८ ग्रेनची, सव्वासहा ग्रॅमच्या थोडी वर, वेग सुमारे २१५ मीटर. ऊर्जेत मांडलं तर पिस्तुलाच्या गोळीत १७५ ज्यूलच्या आसपास आणि रिव्हॉल्व्हरच्या गोळीत १५०च्या आत. ९ एमएमची गोळी ४५० ज्यूलच्या घरात जाते. म्हणजे आपल्या वाट्याला येणारी दोन्ही काडतुसं मवाळच. त्यांच्यातल्या पंचवीस-तीस ज्यूलसाठी भांडण्यात अर्थ नाही. गोळी कुठे लागते यावरच सगळं येऊन थांबतं, आणि तिथे रिव्हॉल्व्हरचं काडतूस फार गुणी आहे.

हे मी आवडीपोटी म्हणत नाहीये. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल हा पुरुषांचा प्रकार आहे. नियमात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचा कोणताही बोअर चालतो, तरी कित्येक दशकं तिथले अव्वल नेमबाज हेच ०.३२ एस अँड डब्ल्यू लाँग निवडत आलेत. त्यांची गोळी सपाट तोंडाची असते आणि हत्यारं इटालियन किंवा जर्मन बनावटीची, पण काडतूस तेच. झटका कमी, वेग एकसारखा. आपल्याला मिळणारी काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं असतात, ती तिथलीच. १८६९ सालचा हा कारखाना आहे. साताऱ्याहून दोन-तीन तासांवर बनलेलं काडतूस आपण वापरतो याचं मला बरं वाटतं.

आता पिस्तूल का सोडलं ते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हत्यार माझ्याहून वयानं मोठं होतं. या बोअरची बहुतेक पिस्तुलं साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, कुलूपबंद नसते, नुसतं तिचं वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवर काम चालतं. म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. घामेजल्या हातांनी ती स्लाइड मागे ओढणं मला दर वेळी जड जायचं. चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या कप्प्यात, गोळी भरून ठेवावी तर जुन्या यंत्रणेवर विश्वास बसत नव्हता, आणि चेंबर रिकामं ठेवावं तर ऐनवेळी दोन्ही हात मोकळे हवेत. एक हात गाडीच्या स्टिअरिंगवर असतो, ही माझी खरी परिस्थिती.

दुसरी अडचण काडतुसाच्या घडणीतच आहे. ०.३२ एसीपीच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की काडतूस पुढे सरकतच नाही. भरताना प्रत्येक काडतूस खालच्यापेक्षा किंचित पुढे बसलंय ना, हे बघावं लागतं. सराव असलेल्या माणसाला यात काही वाटत नाही, आणि आयुध निर्माणीचं ‘अशनी’ पिस्तूल वर्षानुवर्षं समाधानानं वापरणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. मला मात्र भीतीच्या क्षणी एवढ्या गोष्टी सांभाळायच्या नव्हत्या. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं.

शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात (आधी तीन चालायची), आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. शेतावरची बारा बोअर बंदूक माझ्या नावावर होतीच. म्हणून पिस्तूल अधिकृत विक्रेत्यामार्फत विकलं आणि रिव्हॉल्व्हर घेतलं.

घेताना सगळे सांगत होते, बाईमाणूस आहात, ‘निर्भीक’ घ्या. २०१४ साली आलं तेव्हा महिलांसाठीचं रिव्हॉल्व्हर म्हणून त्याची खूप चर्चा झाली होती. टायटॅनियमचं मिश्रधातू, वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. मार्क ३ सुमारे ७०० ग्रॅमचं आहे. बॅगेत हे दोनशे ग्रॅम कळतही नाहीत. हातात मात्र चांगले कळतात. हत्यार जड असलं की झटका ते स्वतःच पितं, आणि कडक चाप ओढताना नळी कमी हलते. बाईला हलकंच द्यावं ही कल्पना दुकानातल्या काउंटरवर पटते, रेंजवर पटत नाही. २०२३ साली आलेलं ‘प्रबल’ही पाहिलं होतं. त्याचं सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं चाक, बाजूला उघडतं. ज्यांना कमरेला लावायचंय त्यांनी ते जरूर पाहावं, माझ्या बॅगेच्या कप्प्याला ते मोठं होत होतं.

मार्क ३ची रचना जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरवर बेतलेली आहे. वरची कडी दाबली की नळी आणि सिलिंडर पुढे वाकतात आणि सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. रिकामं केलंय का, हे एका नजरेत दिसतं. घरात मुलं असलेल्यांसाठी हा गुण मी सगळ्यांत वर ठेवीन.

आता नेमाबद्दल, कारण खरे कष्ट इथे आहेत. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, आधी मागे ओढून चाप दाबला तर तो हलका सुटतो आणि दहा मीटरवर सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात. पण प्रसंग आला तर घोडा ओढायला वेळ नसतो. तेव्हा चाप सरळ, लांब ओढायचा, आणि असा चाप बहुतेक रिव्हॉल्व्हरचा चार-पाच किलोच्या पुढे जातो. तुलनेसाठी सांगते, १० मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला स्पर्धेत किमान ५०० ग्रॅम लागतात आणि २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाला १ किलो. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं ते याच २५ मीटर पिस्तुलात, ०.२२नं. ती हत्यारं वेगळी, पण शिस्त धरायची पद्धत तीच. नजर लक्ष्यावर न ठेवता नळीच्या टोकावरच्या माशीवर ठेवायची, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल, आणि चाप एकाच गतीनं मागे आणत राहायचा. कधी सुटेल याचा अंदाज बांधला की मनगट खाली झुकतंच.

काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच मिळतात आणि स्वस्त नसतात. त्यामुळे माझा बहुतेक सराव दोन गोष्टींवर चालतो. एक, डमी काडतुसं घालून घरात भिंतीकडे तोंड करून चाप ओढणं. खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत, कुलपात. दुसरं, एअर पिस्तूल. ४.५ मिलिमीटरचं आणि २० ज्यूलच्या आतलं असेल तर परवाना लागत नाही, छर्रे परवडतात आणि चापावरचं बोट त्यानं खरंच सुधारतं. जिल्ह्याच्या रेंजवर खऱ्या काडतुसांनी चालवायला जमेल तेव्हा जाते. सात मीटरवर लांब चापानं सहाही गोळ्या वहीच्या पानात बसायला मला बरेच महिने लागले. हाताचा पंजा लहान असेल तर खरेदीआधी एकच गोष्ट तपासा: मूठ नीट धरल्यावर तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचतं का. पोचत नसेल तर लाकडी मूठ बारीक करून घेता येते, पण ते काम परवानाधारक कारागिराकडूनच.

बाळगण्याचं म्हणाल तर साडी किंवा सलवार-कमीजवर कमरेचं होल्स्टर बसत नाही. मी खांद्यावरून तिरकी घ्यायची बॅग वापरते. तिच्या आतल्या कप्प्यात चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर शिवून घेतलंय आणि त्या कप्प्यात दुसरं काहीही ठेवत नाही, साधी किल्लीसुद्धा नाही. नियमही हेच सांगतो: सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये, झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात हवं. जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे न्यायचं नाही, त्यामुळे पुसेगावच्या यात्रेला जाताना ते घरच्या तिजोरीत असतं. पंपाच्या आवारात तर बॅगेतून बाहेर काढायचंच नाही, हे मी स्वतःला घालून घेतलंय. पेट्रोलच्या वाफेत ठिणगी म्हणजे काय ते पंपवाल्याला सांगावं लागत नाही. तिथे कुणी पैसे मागितले तर पैसे द्यायचे. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. परवाना हातात घेतलेल्या प्रत्येकानं ती कलमं वकिलाकडून समजून घ्यावीत.

देखभालीत दोन गोष्टी महत्त्वाच्या. गोळी उघड्या शिशाची असते, त्यामुळे नळीच्या आतल्या पन्हळींत शिसं साचतं आणि हळूहळू नेम पसरायला लागतो. रेंजवरून आल्यावर त्याच रात्री पितळी ब्रश फिरवा. आणि पावसाळ्यात हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्यानं गंज चढतो. २०२४मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही आचारसंहितांत मला ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं. देताना नळी, सिलिंडर आणि बिजागरीला तेलाचा हात फिरवून, सुती कापडात गुंडाळून द्या, पावतीवर क्रमांक नीट वाचून घ्या, आणि परत आणल्यावर गोळी भरण्याआधी नळीतून उजेड बघा.