जीपचं इंजिन घरी बसवताना: गिअरबॉक्स आधीच जोडायचा की मागाहून?

इंजिन लेथवाल्याकडून बोअर होऊन आलंय, गिअरबॉक्सची बेअरिंगं बदलून झालीत आणि अंगणात महिंद्राची जुनी सीजे-३बी रिकाम्या पोटाने उभी आहे. इथवर आलेला माणूस एका प्रश्नावर अडतोच. दोन्ही बाहेर जोडून एकदमच आत घालायचं, की आधी इंजिन बसवून गिअरबॉक्स खालून चढवायचा? मी एकाच गाडीवर दोन्ही प्रकार केलेत. पहिल्यांदा वेगवेगळं, कारण गॅरेजवाले तसंच करतात. दुसऱ्यांदा जोडून, कारण पहिली खेप विसरलो नव्हतो.

गॅरेजवाल्यांचं त्यांच्या जागी बरोबरच असतं. त्यांच्याकडे जीप येते ती बहुतेकदा क्लच प्लेट बदलायला. इंजिन जागेवरच असतं, मग गिअरबॉक्स तेवढा खाली घेतला की काम झालं. आपलं तसं नाही. आपल्याकडे दोन्ही बाहेर पडलेत, म्हणजे त्यांचा जवळचा रस्ता आपल्याला जवळचा असेलच असं नाही.

गाडी नीट ओळखून घेऊ. इंजिन विलीजचं हरिकेन: चार सिलिंडर, २१९९ सीसी, ७५ हॉर्सपॉवर. पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिन उंच झालं. थ्रीबीचं बॉनेट एवढं वर आलंय ते त्याच्याचपायी. ब्लॉक बिडाचा. दोन गडी लावून उचलू म्हणाल तर कंबर जाईल. मागे टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स आणि त्याच्या पाठीला ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी. ही मागची जोडी एकच वस्तू समजा. उगाच सोडवायला गेलात आणि मेन शाफ्ट मागे सरकला, तर आतला सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारा भाग) विस्कटतो आणि नुकताच भरलेला बॉक्स पुन्हा खोलावा लागतो.

आता मुद्दा. सगळी मारामारी असते ती एका सांध्यावर. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टने क्लच प्लेटच्या दात्यांमधून जायचं आणि त्याच्या टोकाने क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) बुडातल्या पायलट बुश या छोट्या नळीत शिरायचं. इंजिन जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर असेल, तर हे काम चहा निवायच्या आत होतं. बेल हाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं आवरण) आणि बॉक्स यांच्यातली फट चारी बाजूंनी दिसते, बोटाने चाचपता येते, बॉक्स किंचित तिरपा झाला तर लगेच कळतं.

तेच काम गाडीखाली उताणं पडून करायचं म्हटलं की डोळ्यासमोर एकच बाजू, छातीवर मातीची भुकटी आणि बॉक्स जॅकवर डुगडुगतोय. माझी शेवटची बोटभर फट काही केल्या मिटेना. मी शहाणपणा केला: बोल्ट लावले आणि आवळत आवळत ती फट ओढून घेतली. बुश मुडपला. बॉक्स पुन्हा खाली, बुश नवा, रविवार गेला. फट हाताने मिटत नसेल तर सांधा जुळलेला नाही, एवढंच समजायचं. बॉक्स गिअरमध्ये टाकून मागची फ्लँज (शाफ्टच्या टोकाची चकती) हाताने जराजरा फिरवली की दाते आपसूक बसतात. आणि त्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट घेऊन, डोकी कापून, बेल हाउसिंगमध्ये आधी लावून ठेवले की बॉक्स त्यांच्यावरून सरळ सरकत येतो. या दोन गोष्टी मला आधी कुणी सांगितल्या असत्या तर पहिल्या रीतीबद्दल माझं मत एवढं वाईट झालं नसतं. काहीही झालं तरी बॉक्सचा भार नुसत्या शाफ्टवर लोंबकळत ठेवू नका, प्लेट वाकते.

वेगळ्या रीतीत आणखी एक गोम आहे. या जीपमध्ये इंजिनाचं मागचं फाउंडेशन (टेकू) इंजिनाखाली नसून गिअरबॉक्सखालच्या आडव्या क्रॉस मेंबरवर आहे. म्हणजे बॉक्स येईपर्यंत इंजिनाची शेपूट अधांतरी. तिथे जॅक आणि लाकडी ठोकळा हवाच, आणि त्याच जागेत तुम्हालाही शिरायचं असतं.

मग सगळ्यांनी जोडूनच का घालू नये? उंचीमुळे. जोडलेला नग लांब, ट्रान्स्फर केस एका बाजूला निघालेली, त्यामुळे साखळीवर तो त्या अंगाला कलंडतो. शिवाय शेपूट खाली करून, तिरपा धरून, फायरवॉलच्या (इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या पत्र्याच्या) खालून सरकवावा लागतो. रेडिएटर आणि समोरची जाळी काढल्यावर मात्र जीप समोरून अशी मोकळी होते की इतर कुठली गाडी होत नाही. पद्मिनीवाल्यांनी हेवा करावा.

चेनकुप्पी, म्हणजे इंजिन उचलायची साखळीची कप्पी, कुठे टांगणार, यावर खरा निर्णय होतो. घराच्या स्लॅबला झोपाळ्याच्या कड्या असतात आणि सगळ्यांची नजर आधी तिकडेच जाते. चार माणसं बसतात की त्यावर! बसतात, पण त्यांचं वजन चार कड्यांवर वाटलेलं असतं. चेनकुप्पी सगळा भार एकीवर टाकते. त्या वाटेला जाऊ नका. चाकांची इंजिन क्रेन भाड्याने मिळत असेल, जमीन फरशीची किंवा कोब्याची असेल आणि मदतीला दोघं असतील, तर जोडूनच घाला. क्रेन नाही, भक्कम तिवई आहे पण ठेंगणी, मदतीला एकटा भाचा आणि वेळ संध्याकाळचा तासभर, तर वेगवेगळं करा: आज इंजिन, उद्या-परवा बॉक्स. मुरमाच्या अंगणात क्रेनची चाकं रुततात, तिथेही वेगळंच बरं.

दोन्हींत एक काम ब्लॉक बाहेर असतानाच उरकायचं. त्यावरचा नंबर आरसी बुकाशी जुळवून बघा. ब्लॉक दुसरा आणला असेल तर आधी आरटीओत विचारा. गाडी ५० वर्षांपुढची असेल आणि २०२१च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायचा बेत असेल, तर डिझेल इंजिनाचा मोह तर मुळीच नको.

आणि तिवई जागची हलत नसेल, तर इंजिन हवेत ठेवून गाडी त्याच्याखाली ढकलावी लागते. तेव्हा हँडब्रेक ओढायला हात जाईल. ओढून उपयोग नाही: या जीपच्या हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागे असतो आणि ती अजून गाडीत बसलेलीच नाही. चाकांपुढे-मागे दगड आधी लावा.