नाशिकची हिल ट्रेनिंग बॅच, १६ आठवडे करून झाल्यावरचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

बॅचचं नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार पण आहे आणि ती मी सरांना तोंडावर सांगून झालेली आहे. पण नाशिकमध्ये कुणी लांबच्या ट्रेल रेसची (डोंगरवाटांवरच्या शर्यतीची) तयारी करत असेल आणि चढाची बॅच लावू की नको असं चाललं असेल तर लावा, फक्त काय बघून लावायची ते वाचा.

मी सातपूरला जॉबला, राहायला इंदिरानगर. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळायचे, चार हाफ मॅरेथॉन झालेल्या, त्या जोरावर गेल्या वर्षी सिंहगड-राजगड-तोरण्याच्या एसआरटी अल्ट्राला ५३ किमीत नाव दिलं. चढाला काही झालं नाही, दम लागला की थांबायचे, परत निघायचे. निम्म्याच्या पुढे उतार लागले आणि मांड्या अशा भरून आल्या की पाय टेकला की गुडघा आपोआप दुमडायचा, शेवटी बसत बसत उतरले आणि कट-ऑफ (रेस पुरी करायची ठरलेली वेळ) गेला. घरी आल्यावर चार दिवस जिना कठडा धरून उलटी उतरत होते. तेव्हा कळलं की माझी तयारी चुकली ती उतारावर, आणि उतार कसा शिकायचा हे मला सांगणारं कुणीच नव्हतं.

या बॅचची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच, की इथे उतरायला शिकवतात. पहिले तीन आठवडे मंगळवार-गुरुवार पहाटे सव्वापाचला पांडवलेणी. फाळके स्मारकाजवळ गाड्या लावायच्या, हेडलॅम्प लावून पायऱ्या चढायच्या, आणि चढताना पळायचं नाही, हात मांड्यांवर ठेवून भराभर चालायचं. मला आधी पटेना, पैसे भरून चालायचं कशाला. पण उभ्या चढाला पळणारा आणि नीट चालणारा जवळजवळ बरोबरच वर पोचतात आणि पळणाऱ्याची नाडी कुठल्या कुठे गेलेली असते, हे मी माझ्याच घड्याळावर बघितलं. वर पोचल्यावर एक मिनिट थांबायचं आणि मग खरा क्लास सुरू, उतरायचा. सर खाली उभे राहून प्रत्येकाचे पाय बघायचे. ‘ताई, टाच आपटून ब्रेक लावू नका, मांड्या जातील. तुरुतुरु या.’ म्हणजे छोटी छोटी पावलं, अंग मागे टाकायचं नाही, हात मोकळे, आणि नजर पायाखाली न ठेवता तीन-चार पावलं पुढे.

त्यामागचं कारण पण त्यांनी नीट सांगितलं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, त्यात त्याचे बारीक धागे तुटतात, म्हणून दुखणं त्याच दिवशी येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं. पण एकदा ते दुखून बरं झालं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला स्नायू तेवढा बोंबलत नाही. म्हणून रेसच्या आधी उताराचा डोस थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि शेवटचे दोन आठवडे कमी करायचा. किलोमीटर मोजणं त्यांनी बंदच करायला लावलं, आठवड्याला किती मीटर चढलो तेवढंच वहीत लिहायचं. मी ४०० पासून सुरू करून नोव्हेंबरमध्ये १,६०० वर गेले.

रविवारी अंजनेरी. गावापासून माथ्यापर्यंत माझ्या घड्याळात ६०० मीटरच्या आसपास चढ येतो, आधी रस्ता, मग घळीतल्या पायऱ्या, मग पठार, अंजनीमातेचं मंदिर, तळं आणि पुढे दुसरा टप्पा. एकाच डोंगरावर सगळ्या प्रकारची जमीन मिळते, रेससाठी याच्याइतकं चांगलं मैदान आपल्याकडे दुसरं नाही असं माझं मत. एकदा आम्ही उतरत होतो आणि पुढे एक आजी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन घसाऱ्यावरून खाली चालल्या होत्या, पायात साध्या स्लिपर. सरांनी आम्हाला थांबवलं आणि म्हणाले, यांचे पाय बघा. पावलं इतकी छोटी की मोळी हलत नव्हती. मला एकदम सावरपाड्याची कविता राऊत आठवली, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १०,००० मीटरमध्ये ब्राँझ आणलेली, ती पण आपल्या जिल्ह्यातल्या असल्याच डोंगरपाड्यावरची. तो अर्धा मिनिट मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवून गेला.

आता स्टार का कापला ते. बॅचमध्ये २८ जण आणि सर एकटे. म्हसरूळच्या चामर लेणीला अंधारात मी मागे पडले, वाट चुकले आणि अर्धा तास एकटी फिरत होते, फोनला रेंज नाही, आणि खाली माझी मोजदादच झालेली नव्हती. बाईमाणसाला एकटीला अंधारात असं सोडणं मला अजिबात चालत नाही, आणि खरं तर कुणालाच सोडू नये. सांगितल्यावर पुढच्या आठवड्यापासून शेवटी एक जण ठेवायला लागले, पण हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. दुसरं म्हणजे ऑगस्टमध्ये तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आदल्या दिवशीच ब्रह्मगिरी ठेवलेला. तिसऱ्या सोमवारी लोक ब्रह्मगिरी डोंगराला प्रदक्षिणा घालतात, त्या फेरीच्या गर्दीत त्र्यंबकला गाडी लावायला जागा नाही, पायऱ्यांवर शेवाळ, वर माकडं (खायचं बाहेरच्या खिशात ठेवू नका, माझी चिक्की गेली). नाशिकच्या माणसाला हे कॅलेंडर पाठ असतं, त्यामुळे हे चुकायला नको होतं.

शूजचं पण सांगते, पांडवलेणीच्या पायऱ्यांना रोडचे शूज चालून जातात, अंजनेरीच्या घसाऱ्यावर नाही चालत. खाली खोल गुट्ट्या असलेले ट्रेलचे घ्या आणि अर्धा नंबर मोठा घ्या, उतारावर बोटं पुढे आदळतात, माझं अंगठ्याचं नख त्यातच गेलं.

फी चार महिन्यांची ९,००० भरली, पेट्रोल वेगळं. लावायच्या आधी तीन गोष्टी विचारा, किती जणांमागे एक कोच, शेवटच्या माणसाबरोबर कोण असतं, आणि उताराचं वेगळं सेशन आहे का. तिसऱ्याला नाही म्हणाले तर पैसे देऊ नका, चढायचं काय, ते आपलं आपण पण चढतो.

या डिसेंबरला तीच रेस, तेच ५३ किमी, कट-ऑफच्या पन्नास मिनिटं आधी आले. दोन दिवसांनी कंपनीत लिफ्ट बंद होती, तिसऱ्या मजल्यावरून कठड्याला हात न लावता सरळ उतरले.